मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलीचा ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) पुन्हा काढावा का?

आम्ही कुडाळला राहतो. लेकीचा वरचा पुढचा एक कायमचा दात आलाय, शेजारचा येतच नाही. इथल्या डॉक्टरांनी गणपतीआधी ओपीजी काढला, तर एक जादा दात वाट अडवून बसलेला दिसला. त्यांनी मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवलंय. नणंदेने तिथे नंबर लावला, तर रिसेप्शनवरून निरोप आला की जुना चालणार नाही, आल्यावर नवा ओपीजी आणि सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन, दोन्ही होईल. अजून डॉक्टरांनी पोरीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही!

ओपीजीच्या किरणांचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट, तर निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसीव्हर्ट, मिळतात, त्यामुळे त्याचा बाऊ करत नाही. पण सीबीसीटीचा डोस बराच जास्त असू शकतो ना? आणि हे डॉक्टरांना विचारायचं कसं? सासूबाईंचं एकच, "डॉक्टराक शिकवूक जाव नको."

प्रतिसाद (दंतवैद्य, चिपळूण):
ताई, बिनधास्त विचारा. आधी कुडाळहून ओपीजीची मूळ फाइल घ्या, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. ती स्पष्ट असेल तर नव्या ओपीजीने वेगळं काय कळणार, हा पहिला प्रश्न.

स्कॅनचं मात्र लगेच 'नको' म्हणू नका. जादा दात टाळूकडे आहे की ओठाकडे, शेजारच्या मुळाला टेकलाय का, हे ओपीजीत नीट कळत नाही. कधी वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या दोन छोट्या एक्स-रेंवर भागतं. पण ते तपासल्यावर ठरवायचं, फोनवर नाही. स्कॅन ठरलाच तर विचारा, "फक्त वरच्या पुढच्या भागाचाच, लहान मुलांच्या सेटिंगवर घ्याल ना?" मशीनची एईआरबीकडे (एक्स-रे मशीनवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, तेही विचारा.

किरण अडवायला घालतात त्या शिशाच्या (लेड) एप्रनवरून वाद नको. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रन आणि गळ्याभोवतीच्या थायरॉइड कॉलरची गरज नाही असं सांगितलंय. किरण हव्या तेवढ्याच भागावर पडणं जास्त महत्त्वाचं.

धागाकर्ती: आभार, फाइल मागवते. लेक फार चुळबुळी आहे, स्कॅन करताना हलली तर?

दंतवैद्य: स्कॅन पुन्हा काढावा लागू शकतो, म्हणजे डोस दुप्पट. बहुतेक मशीनवर अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. किरण न सोडता एक फेरी फिरवून दाखवायला सांगा, आणि घरी खुर्चीवर पुतळा-पुतळा खेळून घ्या.