ब्रॉयलरची औषधं आणि आयसीयूतले जंतू: दोष शेडचाच का?

गंगापूररोडकर
"ब्रॉयलर खाल तर औषधं लागू पडणार नाहीत" असा फॉरवर्ड सध्या नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. भीती घालायची रीत वाईट, पण मुद्दा अगदीच पोकळ नाही. कोलिस्टिन हे आयसीयूत बाकी सगळं हरल्यावर काढायचं औषध. आपल्याकडे ते कोंबड्यांना वजन वाढावं म्हणूनही दिलं जायचं! असं देत राहिलं की त्याला दाद न देणारे जंतूच तगतात. केंद्राने जुलै 2019 मध्ये ते बंद केलं, बाकीची अँटिबायोटिक्स आहेतच. धडधाकट पक्ष्याला एकही द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. युरोपने वाढीसाठीचा वापर 2006 पासून थांबवला, तिथली पोल्ट्री काही बुडाली नाही.

शेडवाला सिन्नर
बोलायला काय जातंय. आमचं कॉन्ट्रॅक्ट फार्मिंग. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीजबिल आणि जागरणं आमची. सुपरवायझर सांगेल ते पाण्याच्या टाकीत सोडायचं. पावसाळ्यात शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं झालं की अमोनियाने डोळे चुरचुरतात, पक्षी घुरघुरायला लागतात आणि दोन दिवसांत अख्खी शेड धरते. पाच हजार पक्ष्यांतून आजारी तेवढे कसे निवडू? मर वाढली, एफसीआर (किलोभर वजनाला किती खाद्य लागलं ते) बिघडला की पैसे आमचे कापतात. आणि तुमच्याकडे साध्या सर्दीला चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक मिळतं, त्यावर धागा काढा की.

लॅबातली
दोघांनाही थोडं टोचेल. 2015 साली चीनमध्ये एमसीआर-1 हे कोलिस्टिनला निकामी करणारं जनुक सापडलं, तेही जनावरं, कच्चं मांस आणि रुग्ण अशा तिन्हीकडच्या ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये. ते प्लास्मिडवर असतं, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर. दोन जिवाणू जोडले गेले की कड्याची नक्कल पलीकडे जाते, पलीकडचा वेगळ्या जातीचा असला तरी. त्यामुळे कोंबडीच्या आतड्यातला जंतू तुम्हाला आजारी न पाडताही तुमच्या जंतूंना ते देऊन जाऊ शकतो. एका कड्यावर अनेकदा तीन-चार औषधांची जनुकं असतात. कोलिस्टिन थांबवून टेट्रासायक्लिनसारखं दुसरं अँटिबायोटिक चालू ठेवलं तरी सोबतची बाकीची जगतात. चीनने 2017 मध्ये वाढीसाठीचं कोलिस्टिन थांबवल्यावर हे जनुक जनावरांत आणि माणसांतही घटलं.

पण गंगापूररोडकर, तुमचं आयसीयूचं उदाहरण इथे नीट बसत नाही. आपल्या रुग्णालयांत कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या क्लेबसिएला या जिवाणूत बहुतेकदा एमसीआर नसतंच. त्याच्या स्वतःच्या एमजीआरबी जनुकात बिघाड झालेला असतो. रुग्णांना कोलिस्टिन देत गेलो तसे असे जंतू तगले, आणि न धुतलेल्या हातांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले. त्याचं बिल कोंबडीवर फाडता येणार नाही.

खवय्या पंचवटी
रस्सा रटरटला की सगळे मरतात ना? मग विषय संपला.

लॅबातली
शिजल्यावर मरतात. चिकन नळाखाली धुताना उडालेले शिंतोडे आणि त्याच सुरीने चिरलेली काकडी कुठे शिजते?

डाळिंबवाला सटाणा
कोंबडखत विसरलात. ट्रकच्या ट्रक बागांत येतं, नीट कुजवायला कुणाला वेळ नाही. आणि आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे? डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग दिसला की स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी. त्यात स्ट्रेप्टोमायसिन असतं, टीबीवर वर्षानुवर्षं दिलेलं. फक्त सिन्नरवाल्यांना धरू नका.

शेडवाला सिन्नर
बघा! शिवाय लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलायच्या, आधी औषध थांबवतो, मांसात अंश राहत नाही.

गंगापूररोडकर
अंश जातो, जंतू राहतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. आयसीयूबद्दल लॅबताईंचं पटलं, पण म्हणून शेडला मोकळीक कशी? पक्षी कमी भरा, तूस कोरडं ठेवा, लसी वेळेवर द्या. निम्मी औषधं आपोआप सुटतील.

शेडवाला सिन्नर
पक्षी किती टाकायचे ते कंपनी ठरवते. कमी टाकले तर पक्षी वाढवल्याचे कंपनीकडून मिळणारे पैसे कमी, शेडचा हप्ता तेवढाच. रविवारी किलोमागे दहा रुपये वाढले तर तुम्हीच पुढचं दुकान गाठता.

गंगापूररोडकर
दहा रुपये देईन. ते तुमच्यापर्यंत पोचतील याची हमी कोण देणार?

शेडवाला सिन्नर
कुणीच नाही. म्हणून आधी हिशोबाचा कागद सुधारा. बॅच गेली की त्यावर 'औषध' म्हणून एकच रक्कम येते, नावं नसतात. कोणतं औषध, किती दिवस, ते छापायला लावा. मग मीही सांगू शकेन माझ्या पक्ष्यांच्या पोटात काय गेलं ते.