शाळा १५ तारखेला सुरू, घर अजून मे महिन्यातच आहे

घणसोलीकर_आई

नमस्कार मंडळी, काल रात्री अकराला देवगडहून आलो आणि आज सकाळी उजेडात घर बघितलं तर रडूच यायचं बाकी होतं. वन बीएचके, त्यात आम्ही पाच जणं, सासूबाई धरून. हॉलमध्ये आंब्याच्या तीन पेट्या, दिवाणाखाली अढी घातलीये, कुरडया-पापडांचे डबे डायनिंग टेबलाखाली कारण माळ्यावर जागाच नाही, आणि माळ्यावर काय आहे ते मला खरंच आठवत नाही. महिनाभर घर बंद होतं म्हणून धूळ इतकी की धाकट्याने टीव्हीवर बोटाने स्वतःचं नाव काढून ठेवलंय. कामवाल्या मावशी गावाला, १२ ला येणार म्हणाल्यात, म्हणजे १६ धरा.

लेक पाचवीत गेली, तिची सकाळची शाळा, बस ६:४० ला गेटवर. धाकटा दुसरीत, त्याची शाळा नऊची, तो चौथीपर्यंतच्या वर्गांना नऊच्या आधी बोलवायचं नाही असा २०२४ ला नियम आला ना, तेव्हापासून. मुलांच्या झोपेसाठी चांगलंच आहे, माझं म्हणणं एवढंच की आता माझी सकाळ दोन शिफ्टची झाली. पहिला डबा साडेपाचला, दुसरा साडेआठला, ओटा मध्ये आवरताच येत नाही. नवरा महापेला, त्याची शिफ्ट दर आठवड्याला वेगळी, त्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठरवता येत नाही.

नऊ दिवस आहेत. सुरुवात कुठून करू? मागच्या वर्षीची वह्या-पुस्तकं ठेवायची की रद्दीत द्यायची? आणि एक लाज वाटणारी गोष्ट सांगते, धाकट्याचं दप्तर उचललं तर जड लागलं म्हणून चेन उघडली, तर आत डबा. एप्रिलमधल्या शेवटच्या दिवसाचा. भरलेला. मी चेन परत लावून दप्तर बाल्कनीत ठेवलंय. पुढे काय करायचं तेही सांगा.

नौपाड्याच्या_काकू

अगं तो डबा घरात उघडू नकोस. तोंडाला ओढणी बांध, बाल्कनीत पेपर पसर आणि त्यावर उघड. स्टीलचा असेल तर कडकडीत पाणी आणि सोडा घालून रात्रभर ठेव, निघतो. प्लॅस्टिकचा असेल तर टाक, जीव अडकवू नकोस, तो वास कधीच जात नाही आणि मुलं मग त्यातलं खात नाहीत. पाण्याच्या बाटल्याही बघ, झाकणातलं रबरी रिंग सेफ्टीपिनने उचकून बाहेर काढ, खाली काळी बुरशी दिसेल. दरवर्षी मी नवी बाटली घ्यायचे आणि जुनीला नावं ठेवायचे, त्या रिंगचा शोध मला फार उशिरा लागला.

आता सुरुवात कुठून, तर माळ्यावर अजिबात चढू नकोस. मुंबईत पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून धरतात, म्हणजे तुझ्याकडे नऊ दिवस नाहीतच, ऊन आहे चार दिवसांचं. म्हणून पाण्याची कामं आधी आणि कोरडी कामं नंतर. गोधड्या, पडदे, उशांचे अभ्रे, दोन्ही दप्तरं, कॅनव्हासचे बूट हे सगळं आज-उद्यात धुवून टाक. दप्तर मशीनमध्ये घालू नकोस, बादलीत निरम्यात भिजव, ब्रशने शिवणींत घास आणि चेनी उघड्या ठेवून दोरीवर उलटं लटकव, नाहीतर तळाशी पाणी साचतं आणि चार दिवसांनी कुबट वास मारतो. कपाटं, पुस्तकं, माळा ही कामं पावसात दार लावून बसलं तरी होतात.

बाल्कनीत कुंड्या असतील तर खालच्या बशा नुसत्या रिकाम्या करू नकोस, काथ्याने कडा घास. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पहिलं पाणी मिळालं की आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी शाळा सुरू झाल्या झाल्या चार मुलं आजारी पडली होती, तेव्हापासून मी दर रविवारी बशा आणि फ्रिजमागचा ट्रे घासते.

ऐरोलीचा_बाबा

काकूंना सगळ्या बाबतीत +१, पण मी जरा वेगळं बोलतो. घर स्वच्छ असणं आणि सकाळी ६:४० ची बस मिळणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. आमचं घर दोन वर्षं चकाचक होतं (बायकोची कृपा) आणि तरी रोज सकाळी आरडाओरडा, कारण मोजे बेडरूममध्ये, आयडी टीव्हीच्या खाली, बाटली फ्रिजमध्ये, दप्तर सोफ्यामागे, आणि मुलगा या चारही जागी फिरून शेवटी एक मोजा हातात घेऊन कार्टून बघत उभा. मी एकदा फोनवर वेळ लावून बघितला, नुसत्या शोधाशोधीत चौदा मिनिटं गेली.

मग काय केलं, तर दाराजवळची चार फूट भिंत मुलांच्या नावावर केली. शाळेचं जे काही असेल ते तिथेच, घरात दुसरीकडे कुठेही नाही. दोन हुक, पण मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, आपल्या उंचीवर लावले की दप्तर जमिनीवरच पडतं. त्याखाली आंब्याच्या रिकाम्या पेट्या. तुमच्याकडे तीन आहेत म्हणता, लाकडी असतील तर गवत काढा, खिळे ठोकून आत घाला, पॉलिश पेपर मारा आणि आडव्या ठेवा, एकीत बूट, एकीत रेनकोट-छत्री. पुठ्ठ्याच्या असतील तर मात्र नको, पहिल्या ओल्या बुटात लगदा होतो, अनुभव आहे.

मोजे सगळे एकाच रंगाचे एकाच दुकानातून घ्या, जोड्या लावायचं काम संपतं. धाकट्याच्या मोज्याला आतून लाल दोऱ्याचा एक टाका घाला, की मोठीचे कुठले आणि त्याचे कुठले हा वाद पण मिटला. युनिफॉर्म आजच घालून बघा, १४ ला नाही. १४ ला ठाण्यात गोखले रोडवर आणि तुमच्या इथे वाशीत दुकानाबाहेर ज्या रांगा असतात, त्यात उभं राहून "३२ नंबर संपला" ऐकायला नको असेल तर.

आणि शुक्रवारी एक तालीम करा. म्हणजे खरोखर पाचला उठायचं, डबा भरायचा, मुलीने युनिफॉर्म घालून ६:४० ला गेटवर जाऊन उभं राहायचं आणि परत यायचं. वॉचमन हसतो, हसू दे. कुठे अडतं ते त्या एका दिवसात कळतं.

दप्तराचं वजन पण तेव्हाच करा. २०२० च्या राष्ट्रीय स्कूल बॅग धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको असं आहे. मुलगी ३० किलोची असेल तर ३ किलो, दप्तर स्वतः धरून. आमच्याकडे रिकामं दप्तरच सव्वा किलोचं निघालं, पाठीला फोम आणि चाकं आणि काय काय, ते दिलं भाच्याला ट्रेकला.

कळव्याच्या_बाई

मी शिक्षिका आहे, त्यामुळे फक्त वह्या-पुस्तकांबद्दल बोलते. वह्या लगेच रद्दीत देऊ नका. जूनमध्ये उजळणी घेतो तेव्हा गणित आणि इंग्रजीच्या मागच्या वह्या मुलांना खरंच लागतात. गणपतीपर्यंत ठेवा, मग द्या. उरलेली कोरी पानं फाडून शिवली की वर्षभराची रफ वही होते. चित्रकलेच्या वहीतून तुम्हाला आवडतील ती चार पानं काढून घ्या, सगळी वही जपून ठेवायची म्हटलं तर दहावीपर्यंत माळा कोसळेल.

पुस्तकांचं सांगायचं तर, शेजारच्या मुलीची जुनी पुस्तकं घेणार असाल तर आधी छपाईचं वर्ष बघा. बालभारतीने २०२३-२४ मध्ये चार भागांची, मध्ये वहीची कोरी पानं असलेली पुस्तकं काढली होती, नंतर ती पानं बंद झाली. त्या पुस्तकांत आधीच्या मुलांनी लिहून ठेवलेलं असतं, ती पुढे वापरता येत नाहीत. शिवाय २०२५-२६ ला पहिलीपासून नवा अभ्यासक्रम आला आणि तो पुढच्या इयत्तांना टप्प्याटप्प्याने येणार, त्यामुळे धाकट्यासाठी तर शाळेला विचारल्याशिवाय काही घेऊच नका. सरकारी आणि अनुदानित शाळा असेल तर आठवीपर्यंत पुस्तकं तशीही फुकट मिळतात.

आणि कृपा करून आधीच खाकी कव्हरं घालून लेबलवर तुकडी लिहून ठेवू नका. पाचवीला बऱ्याच ठिकाणी तुकड्या बदलतात. दरवर्षी पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गात "ब" खोडून "क" केलेल्या पंधरा-वीस वह्या असतात आणि एक मुलगी तरी त्यावरून रडत असते.

जुना_ठाणेकर

आमच्या वेळी एक खुंटी होती, एक पिशवी होती, पाटी फुटेपर्यंत तीच. दोन हुक आणि तालमी कसल्या. आम्ही चार भावंडं चालत जायचो.

नौपाड्याच्या_काकू

हो, आणि ती पिशवी रात्री भरून कोण ठेवायचं ते तुमच्या आईला विचारायला हवं होतं भाऊ.

केमिस्ट_वाशी

दोन गोष्टी पटकन, कारण याच दिवसांत दुकानात लोक दोन्ही वस्तू एकत्र मागतात. एक, बाथरूमला ब्लिचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिडवालं क्लीनर एकाच वेळी टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, छोट्या बंद बाथरूममध्ये ते फार वाईट. एक दिवस हे, दुसऱ्या दिवशी ते, मध्ये भरपूर पाणी.

दुसरं, गोधड्यांत आणि युनिफॉर्मच्या कप्प्यात डांबरगोळ्या टाकत असाल तर मुलांच्या कपड्यांना नको. नॅफ्थलीनने काही मुलांच्या, म्हणजे ज्यांच्यात जी६पीडी एन्झाइम कमी असतं त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि असं मूल आपल्या घरात आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, किंवा नुसतं कपाट आठवड्यातून एकदा तासभर उघडं ठेवून पंखा लावा.

घणसोलीकर_आई

सगळ्यांना मनापासून थँक्यू, आज १३ तारीख, रिपोर्ट देते.

डबा सासूबाईंनी उघडला. मी आणि नवरा दोघं दाराआड उभे. आत अर्धं थालीपीठ होतं, त्यावर हिरवी लव अशी की हात फिरवावासा वाटेल. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "डबा स्टीलचा आहे, राहील" एवढंच म्हणाल्या आणि सोडा मागितला. राहिला खरंच.

काकूंचं ऐकून पहिल्या दोन दिवसांत सगळं धुतलं म्हणून वाचले, कारण मंगळवारी दुपारी वळीव आला. तरी एक गोधडी गच्चीवर राहिलीच होती. ती आता तिसऱ्यांदा वाळतेय, पंख्याखाली, दोन खुर्च्यांवर, त्यामुळे हॉलमध्ये कुणाला बसता येत नाही.

पेट्या एक लाकडी आणि दोन पुठ्ठ्याच्या निघाल्या. लाकडीला पॉलिश पेपर धाकट्याने मारला, म्हणजे एक बाजू मारली आणि मग आत जाऊन बसला, दोन दिवस ती बोट होती. हुक लावले, मोठीने स्वतःच्या उंचीचा मागितला आणि भावाचा मुद्दाम चार बोटं खाली लावायला सांगितला. मोज्यांचा लाल टाका मस्त आयडिया आहे बाबा, फक्त आमच्याकडे लाल दोरा नव्हता म्हणून हिरवा घातलाय.

काल तालीम केली. गजर ५ चा, उठलो ५:२०, डबा ६:१५ ला तयार, मुलगी ६:३१ ला दारात. मी खूश. गेटवर पोचल्यावर कळलं की पायात बूट मागच्या वर्षीचे आहेत आणि ती पंजे दुमडून चालतेय, आणि हे तिने आठवडाभर सांगितलं नाही कारण "तू म्हणाली होतीस ना यंदा खर्च खूप झालाय". काय बोलणार. संध्याकाळी बूट घेऊन आलो, एक नंबर मोठेच घेतले.

लेबलं कोरी आहेत बाई. वह्या दिवाणाच्या एका बाजूला रचल्यात, गणपतीपर्यंत. माळा मी उघडलाच नाही. कुरडयांचे डबे अजून टेबलाखालीच आहेत, कुणाला आयडिया असेल तर सांगा. दिवाणाखाली शेवटचे सात आंबे आहेत, आज रात्री आमरस, की उद्या तिथे रेनकोट जातील.