स्कीचा सागवानी गाभा आणि गोव्याचा पावसाळा

फोंड्याच्या घरी गुलमर्गसाठी स्की (बर्फावर घसरायच्या फळ्या) बांधताना आतल्या गाभ्यासाठी जुन्या सागवानी तुळयांचे लाकूड चालेल का, असे आपण विचारले आहे. आतापर्यंतच्या उत्तरांत वजनाचाच मुद्दा आला. मला सागवानातील नैसर्गिक तेलाची अधिक काळजी वाटते, कारण त्याने इपॉक्सीची, म्हणजे थर चिकटवणाऱ्या दोन भागांच्या रेझिनची, पकड कमी होते. सागवानच वापरायचे असेल, तर पट्ट्या रंधून लगेच अ‍ॅसिटोनने पुसाव्यात आणि ते उडून जाताच चिकटवाव्यात. माझ्या मते गाभ्याला पॉप्लरचे लाकूड उत्तम, आणि बाइंडिंगचे (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचे) स्क्रू जिथे बसतात त्या भागात अ‍ॅश किंवा मेपल या लाकडांच्या पट्ट्या असाव्यात.

खरा प्रश्न आपल्याकडच्या दमट हवेचा आहे. पावसाळ्यात बऱ्याच इपॉक्सींवर मेणचट, हाताला किंचित चिकट लागणारा थर येतो. तो थेट घासला तर सँडपेपर भरून जातो आणि थर पसरतो, म्हणून आधी कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच घासावे. शक्य असल्यास हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावे.

चिकटवलेले थर दाबून धरायला प्रेस नसेल तर व्हॅक्यूम बॅग, म्हणजे आतली हवा पंपाने काढून घेतलेली हवाबंद पिशवी, पुरते. समुद्रसपाटीवर तिचा दाब चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त १ किलोच्या आसपास, म्हणजे १८० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद स्कीवर सुमारे १८०० किलो भरतो. फायबरच्या होड्यांसाठी सर्रास वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन मात्र स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. लाकडाला ते इपॉक्सीइतके धरत नाही.