मदत हवी आहे: १९११च्या लंडनच्या जनगणनेत पणजोबा ‘बोर्डर’, मग जेवण कुठे?

नमस्कार. ब्रिटनच्या जुन्या जनगणनेचे कागद वाचणाऱ्यांची मदत हवी आहे.

माझे पणजोबा बॅरिस्टर व्हायला पुण्याहून लंडनला गेले होते. घरात आजवर सांगितलं जातं की तिथे त्यांनी साहेबाच्या हातचं अन्न घेतलं नाही, स्वतः भात-पिठलं रांधून खाल्लं, म्हणूनच परत आल्यावर पंक्तीला बसताना कुणी हरकत घेतली नाही. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं होतं. त्याच पुण्यातली ही गोष्ट, त्यामुळे घरच्यांना तिचा फार अभिमान.

आता २ एप्रिल १९११च्या रात्रीचा, म्हणजे जनगणनेच्या रात्री त्या घरात कोण होतं याचा, तक्ता हाती आला आहे. घर लंडनच्या बेजवॉटर भागातलं. कुटुंबप्रमुख एक विधवा बाई, खाली तिची मुलगी, मग तीन ‘बोर्डर’. त्यांतले दुसरे पणजोबा. शेवटी दोन ‘सर्व्हंट’, त्यांतली एक स्वयंपाकीण, वय २४. तिच्या स्वयंपाकघरात पणजोबांची शेगडी कुठे मांडली असेल?

नियमाप्रमाणे घरच्यांबरोबर जेवणारा तो बोर्डर. खोली घेऊन खाणं वेगळं ठेवणारा तो लॉजर, त्याचं कुटुंब वेगळं धरून तक्ताही वेगळा. पणजोबा मालकिणीच्याच तक्त्यात आहेत. पण १९११चे कागद त्या त्या घरातल्यांनी स्वतः भरलेले मूळ तक्ते आहेत, आणि हा सगळा एकाच हाताने लिहिलेला आहे, खालच्या सहीसारख्याच अक्षरात. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात पणजोबा ‘सिंगल’ आहेत. प्रत्यक्षात त्यांचं लग्न जाण्यापूर्वीच झालं होतं, पणजी सासरीच होती. हे त्यांनी सांगितलंच नाही, की बाईने विचारलंच नाही? तो रकाना चुकला असेल तर ‘बोर्डर’वर कितपत विसंबायचं?

शिवाय बॅरिस्टर व्हायचं तर ‘इन’मधल्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेतल्या, ठरावीक डिनरना हजेरी लावावीच लागे. गांधीजींनी ती मांसाला न शिवता पार पाडली. म्हणजे टेबलावर बसूनही माणूस आपलं व्रत सांभाळू शकत होता. मला वाटतं खरी गोष्ट तिथेच कुठेतरी आहे: मालकिणीकडे चहा, पाव, उकडलेल्या भाज्या, आणि सुट्टीच्या दिवशी कुणा मराठी मित्राच्या खोलीवर पिठलं.

विचारायचं ते असं. त्या काळात लंडनला शिकायला गेलेल्या कुणाच्या पूर्वजांचे तक्ते पाहिले आहेत का? एकाच घरात राहूनही वेगळा तक्ता भरलेला एखादा भारतीय विद्यार्थी सापडला का? फक्त न्याहारी घेणाऱ्यालाही बोर्डरच लिहीत का? इथल्या, भारतातल्या जनगणनेच्या घरोघरच्या याद्या जतनच झाल्या नाहीत आणि ब्रिटनच्या पुढच्या, १९२१च्या जनगणनेपर्यंत पणजोबा परतले होते, त्यामुळे हाच एक कागद हाताशी आहे. बोर्डिंग हाउसच्या तेव्हाच्या जाहिराती कुठे चाळता येतील तेही सांगा, त्यांत जेवणाच्या अटी असतील.

तक्त्याची प्रत हवी असेल त्यांना पाठवते.