समोरच्या खोलीचा कॅमेरा थेट आमच्या मोरीपर्यंत बघतो

गॅलरीकर:
चाळ चौकोनी, मधे चौक. समोरच्यांनी आपल्या दारावर आठेक फूट उंचीवर कॅमेरा बसवलाय. मजला तोच, अंतर वीस फूट. चपला जातात म्हणून लावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या मोबाइलवर आमची खोली मोरीसकट दिसते. दार लावावं तर दहा बाय बारात दुपारी जीव गुदमरतो. भांडण नकोय. जाळीचा पडदा पुरेल?

तारजोडे:
लेन्स किती मिमीची ते आधी विचारा. २.८ असेल तर आडवा कोन शंभर अंशांच्या आसपास, म्हणजे चपला राहिल्या बाजूला, तुमची अख्खी रांग चित्रात. कॅमेरा गॅलरीच्या टोकाला नेऊन लांबीच्या दिशेने लावायला सांगा, किंचित भिंतीकडे कलता. त्यांचं दार, चपला, जिना सगळं येतं, चौकापलीकडचं सुटतं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर रात्री इन्फ्रारेडचा उजेड भिंतीवरून उलटून चित्र पांढरंफटक होतं.
हलवायला तयार नसतील तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. तुमच्या दारावर काळी चौकट ओढायची. लाइव्हवर समाधान मानू नका, जुनं रेकॉर्डिंग उघडून बघा. स्वस्त फिरत्या कॅमेऱ्यात चौकट चित्राला चिकटलेली असते, डोकं फिरलं की दार पुन्हा उघडं. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद करून घ्या, त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

पडदेवाली:
जाळी दिवसाच चालते. संध्याकाळी आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. आरशासारख्या फिल्मचंही तेच.
जाड कापड घ्या आणि चौकटीच्या वरून सोडा, खाली फूटभर मोकळं. कॅमेरा वरून बघतो, त्यामुळे त्या फटीतून त्याला उंबरठ्याच्या आतली जेमतेम तीन फूट फरशी दिसेल. खालून अर्धा पडदा लावण्याची चूक बरेच जण करतात. त्यावरून नजर थेट मागच्या भिंतीवर जाते. वारा खालून येतो, दारावरचा झरोका उघडा ठेवा. कापड उडू नये म्हणून खालच्या दुमडीत बारीक सळई घाला.

कलमबहाद्दर:
२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची धमकी देऊ नका, घरगुती वापर त्यातून वगळलाय. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण नुसत्या तेवढ्यावर शेजारी हलत नाही. मोरीत आंघोळ करणारी बाई चित्रित होत असेल तर मात्र प्रकरण गंभीर: भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा. त्यांच्याच मोबाइलवरच्या दृश्याचा तारखेसकट फोटो मागून घ्या, मग चाळ कमिटीला लेखी अर्ज.

गॅलरीकर:
लेन्स २.८ च निघाली. टोकाला नेली तर चौक पुन्हा येईल ना?

तारजोडे:
कडेला थोडा येईल. तेवढ्या पट्टीवर मास्क ओढा, किंवा ६ मिमीचा घ्यायला सांगा, कोन पन्नासच्या आसपास येतो.