मदत हवी आहे: डोनर पुरुष, पेशंट बाई. चालतं का? (अर्जंट)

नववी_गल्ली
सरळ विचारते. डोनर पुरुष आणि पेशंट बाई असेल तर ट्रान्सप्लांट टिकतं का? आत्यानं डोकं उठवलंय, "पुरुषाचा अवयव बाईच्या अंगाला लागत नाही." उद्या सकाळी घरात बैठक आहे. "डॉक्टरांना विचारा" असं कृपया लिहू नका, विचारलंय.

पन्हाळा_रिटर्न
अवयव कुठला ते तरी सांगा! हृदय असेल तर फरक पडतो. लहान चणीच्या बाईचं हृदय उंचापुऱ्या गड्याला बसवलं तर कमी पडतं. म्हणून हल्ली उंची, वजन, वय आणि लिंग धरून हृदयाचा अंदाजे आकार काढतात आणि मग जुळवतात. तुमचं उलट आहे, निवांत राहा.

नववी_गल्ली
किडनी हो! जिवंत माणूस हृदय कसं देईल?

पन्हाळा_रिटर्न
डोनर जिवंत आहे हे कुठं लिहिलंय तुम्ही?

रंकाळ्याचा_वारा
ऑपरेशनच्या भानगडीतच पडू नका. आमच्या चुलत्यांचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात चढतं ते) गोखरूच्या काढ्यानं उतरलं. पत्ता देतो, गंगावेशीत मिळतो.

मंगळ_शुक्र_डायलिसिस
वारेसाहेब, चुलत्यांना डायलिसिस लागलं होतं का? नाही ना? मी नुसतं नारळपाणी प्यालो तर पोटॅशियम चढून ॲडमिट झालो. किडनीच्या पेशंटला असले पत्ते देऊ नका.

रंकाळ्याचा_वारा
तुम्ही तांबडा रस्सा वरपला असणार, नारळपाण्याला बोल लावू नका 😄

मंगळ_शुक्र_डायलिसिस
दोन वर्षं रश्शाचा नुसता वास घेतोय, भावा.

क्रॉसमॅच_काकू
लॅबमध्ये आयुष्य गेलंय म्हणून लिहिते. आत्याबाईंच्या बोलण्यात चिमूटभर तथ्य आहे. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळे काही प्रथिनं असतात, बाईचं शरीर त्यांना परकं मानू शकतं. पण हा परिणाम लहान आहे. तेवढ्यासाठी कुणी डोनर नाकारत नाही. बाईची किडनी धिप्पाड पुरुषाला देतानाही किडनी लहान पडण्याचा प्रश्न असतो, तरी आपल्याकडे आया-बायका देतातच आणि पुरुष जगतात. आता सांगा, डोनर पेशंटचा कोण? आणि पेशंटला मुलं किती?

नववी_गल्ली
मुलांचा काय संबंध? पेशंट माझी वहिनी, डोनर दादा. रक्तगट एकच. दोन मुलं आहेत.

क्रॉसमॅच_काकू
अगं बाई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! बाळाचा अर्धा वारसा बापाचा. बाळंतपणात बापाकडचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, आईच्या शरीराला दिसतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनून राहू शकतात. म्हणजे दादाच्याच किडनीविरुद्ध वहिनीच्या रक्तात शस्त्रं तयार असू शकतात. असतीलच असं नाही, पण बघावंच लागतं. रक्तगट जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नसतं. क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त डोनरच्या पेशींशी भिडवून बघतात ती चाचणी) आणि डोनरविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी झाली का? वहिनींना कधी रक्त चढवलंय का?

कायद्याचा_किडा
मध्येच सांगतो. 1994 च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक आहेत, कागदपत्रं सोपी. सासू-सासरे त्या यादीत नाहीत, त्यांनी द्यायचं म्हटलं तर समितीपुढे जावं लागतं. 2011 च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा, नातवंडंही आली, शिवाय स्वॅपला (डोनरच्या अदलाबदलीला) परवानगी मिळाली.

पन्हाळा_रिटर्न
सासूचं कुणी विचारलं?

कायद्याचा_किडा
आत्याबाई बैठकीत विचारतील. पैजेवर सांगतो.

क्रॉसमॅच_काकू
स्वॅप लक्षात ठेवा. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे जुळलं नाही, तर दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल होऊ शकते. प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करायचाही मार्ग आहे, पण खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. दुसरीकडे कॅडेव्हर (मृत डोनरच्या) यादीत नाव घालून ठेवा, आपला कोल्हापूर जिल्हा पुणे विभागात येतो.

कोयनेची_खिडकी
पुण्याला जाताना घाटाच्या आत काही खाऊ नका. गाडी साताऱ्याला थांबवा.

नववी_गल्ली
आत्ता आईला विचारलं. धाकट्याच्या वेळी वहिनीला दोन बाटल्या रक्त दिलं होतं! आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलं नाही. क्रॉसमॅचचा रिपोर्ट गुरुवारी येणार आहे, "ते रूटीन असतं" म्हणून मी लिहिलं नाही.

क्रॉसमॅच_काकू
उद्या सकाळी बैठकीआधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन कर. बाळंतपणं दोन, रक्त दोन बाटल्या, साल कोणतं, सगळं सांग. गर्भपात झाला असेल तर तोही.

नववी_गल्ली
एक झालाय. पण तो वहिनीनं फक्त मला सांगितलाय. बैठकीत आत्या असणार.

क्रॉसमॅच_काकू
मग फोन गच्चीवरून कर.