मदत हवी आहे: कण तुटतायत की सांधा सुटतोय, हे वेगळं कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. मटेरियल: ३५६ ॲल्युमिनियम, त्यात आकारमानाने १५% सिलिकॉन कार्बाइडचे कण, स्टर कास्टिंग (वितळलेल्या धातूत कण ढवळून ओतणं), टी६ (उष्णतेने कडक करण्याची प्रक्रिया). टेन्साइल टेस्टमध्ये (नमुना ओढून ताणताना) मधूनमधून लोड उतरवून मॉड्युलस (ताठरपणा) मोजला. सुरुवातीला ९० गिगापास्कल, ०.५% प्लास्टिक स्ट्रेनला ८६. म्हणजे डॅमेज (मॉड्युलसमधली घट भागिले सुरुवातीचा मॉड्युलस) साधारण ०.०४.

यात तडकलेल्या कणांचा वाटा किती आणि मॅट्रिक्सपासून, म्हणजे भोवतालच्या ॲल्युमिनियमपासून, सांधा सुटलेल्यांचा किती? तडे मोठ्या कणांत, ओढीला काटकोनात स्पष्ट दिसतात. कणांच्या गुच्छांजवळच्या पोकळ्यांची मात्र खात्री नाही, त्या कास्टिंगच्याही असू शकतात. म्हणून तुलनेसाठी ग्रिपमधला (मशीनच्या पकडीतला), जवळजवळ ताण न पडलेला तुकडाही तसाच पॉलिश केला.

खरी अडचण पॉलिशिंगचीच. कण उपटून निघतो आणि खड्डा हुबेहूब सुटलेल्या सांध्यासारखा दिसतो. शेवटी ३ आणि १ मायक्रॉन डायमंड, पाण्याऐवजी अल्कोहोल; कारण सांध्यावर ॲल्युमिनियम कार्बाइड असेल तर पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते निघून जातं आणि खोटी फट तयार होते. तरी कडेचे कण निघतातच. कोणतं कापड, किती दाब, किती मिनिटं ठेवता?

पवई-ठाणे पट्ट्यात बाहेरच्यांना मायक्रो-सीटी (एक्स-रेने आतली बारीक त्रिमितीय प्रतिमा) करून देणारी लॅब माहीत असेल तर कृपया सांगा.